नापास झालेली हातबाहुली

मित्रांनो, मी एक जुनी हातबाहुली आहे. कापडी अंग, लोकरीचे केस, आणि माझं तोंड हलवायला आत हात घालायची जागा. मला फार राग आला आहे. तो का, ते आज सांगणारच.

मुलांनी वर्गात बोलावं म्हणून एक नवा उपक्रम निघाला, त्यासाठी मला शिवलं. सोबत एक पुस्तिका होती. बाहुलीने कधी कोणतं वाक्य म्हणायचं, ते तिच्यात छापलं होतं.

तलासरीकडच्या एका शाळेत मी वर्षभर प्लास्टिकच्या पिशवीत पडून होते. उपक्रम नीट चालतो का, हे मोजायला साहेब येणार असं कळलं, तेव्हा गुरुजींनी मला कपाटातून काढलं. मुलांकडून उत्तरं घोकून घेतली. साहेबांनी मोबाइलवरच्या रकान्यांत खुणा केल्या आणि शाळेला पैकीच्या पैकी गुण मिळाले! साहेबांची गाडी गेली, मी परत कपाटात.

पुढे मला डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत पाठवलं. तिथल्या जयवंतीबाई मला रोज हातात घालत. त्यांच्या वर्गात पहिलीतली हिरी होती. दिवाळी उलटली तरी तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. पुस्तिकेतलं मराठी तिला कळतच नव्हतं. एकदा बाईंनी पुस्तिका मिटली आणि माझ्या तोंडून तिला तिच्या घरच्या बोलीत, वारलीत विचारलं, "आज काय खाऊन आलीस?" हिरी माझ्या कानाशी आली. नाचणीची भाकरी, म्हणाली. मग तिची बकरी, बकरीचं पिल्लू... थांबेचना! हळूहळू ती मराठीही बोलू लागली.

मग तेच साहेब इथेही आले. हिरी माझ्याशी बोलत होती आणि ते मोबाइलमध्ये बघत होते.

"बाई, पुस्तिकेतलं एकही वाक्य आलं नाही."

"साहेब, ही मुलगी गप्प असायची. आता बोलते. तेही लिहा ना."

"त्याला इथे रकाना नाही."

बाईंचा वर्ग नापास. पुस्तिकेबाहेर जायचं नाही, अशी त्यांना ताकीद मिळाली. आता त्या माझ्या तोंडून फक्त छापील वाक्यं म्हणतात. हिरी पुन्हा गप्प झाली आहे. पुढच्या तपासणीत गुण मात्र वाढले, बाईंचं अभिनंदनही झालं!

मित्रांनो, माझी शिवण जपा, असं मी म्हणणार नाही. फाटले तर फाटले. पण मोठेपणी कुणाचं शिकवणं मोजायला गेलात, तर मोबाइल खिशात ठेवा. मुलांच्या शेजारी जमिनीवर बसा. आणि वर्गातलं सगळ्यात गप्प पोर बोलेपर्यंत उठू नका.