दापोडीतलं राजाचं मरण

आमच्या ह्यांना मरायची सवय होती. गणपतीत मरायचे, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत मरायचे, कामगारांच्या नाट्यस्पर्धेत तर दरवर्षी न चुकता मरायचे. दिवसभर गिरणीत मागावर उभा राहणारा माणूस, पण संध्याकाळी तालमीला गेला की राजा. नाटक ठरलेलं. एका संस्थानचा म्हातारा राजा वारस न नेमताच पहिल्या प्रवेशात मरतो आणि मग त्याच्या दोन राण्यांचे दोन मुलगे गादीसाठी एकमेकांच्या जिवावर उठतात. पुढचे तीन अंक त्या दोघांचे. पहिला प्रवेश तेवढा आमचा.

त्या मरणाची मला भारी धास्ती. आमच्याकडं माणूस खोटंखोटं मेला तरी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, मरण त्याला चिकटू नये म्हणून. पडदा पडला की मी मीठ आणि भाकरीचा तुकडा घेऊन विंगेतून आत धावायची. हे उठायच्या आत ओवाळायचं, हा माझा नेम.

"अगं, उठू तरी दे!"

"आदी ओवाळू द्या, मग उठा."

मंडळातले फिदीफिदी हसायचे. हसेनात का. नवरा माझा होता, त्यांचा नव्हता.

अठ्ठ्याहत्तर साली नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं आणि मुंबईहून टेलिव्हिजनवाल्यांचं बोलावणं आलं. हे दोन दिवस जमिनीवरून चालत नव्हते. मी म्हणाले, मीही येते. नाटक बसवणारे मडिवाळप्पा म्हणाले, "वैनी, तितं विंग बी नसती आन पडदा बी नसतो. तुमी उभ्या कुटं ऱ्हाणार?"

मग मी ह्यांच्या पिशवीत तुकडा बांधून दिला आणि दहादा बजावलं. परत आले तेव्हा पिशवीत तुकडा तसाच, दगडासारखा कडक.

"मी मेलो की सायेब म्हणाला, उठा, उठा, पुढचं लावायचं हाय. मग तितं काय गाठोडं सोडत बसू?"

माझं डोकंच फिरलं. त्याच आठवड्यात ह्यांना खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, गिरणीतला कापूस छातीत गेलाय. म्हणेनात का. मला कारण ठाऊक होतं. रात्री हे खोकायचे आणि मी उठून बसायची. दिवसा हातातलं काम सुचेना. ओवाळायचं राहून गेलेलं मरण घरात हिंडतंय, असंच वाटायचं.

तशात नाटक कधी दाखवणार ते कळलं. सोलापुरात तेव्हा टेलिव्हिजन दिसत नव्हता. ज्यांनी आमचं नाटक कधी पाहिलं नाही ते मुंबई-पुण्यातले लोक घरात बसून बघणार आणि आम्ही इथं हात चोळत बसणार! ह्यांच्या बहिणीची लेक सावित्रम्मा पुण्याला दापोडीत राहायची. तिच्या घरी टेलिव्हिजन होता. हे म्हणाले, जाऊ या.

"खोकला बगा की आदी."

"चंद्रव्वा, सगळ्या सोलापुरानं मला बगितलं. मी सोडून. मी कसा करतो ते मला एकदा बगू दे की."

माझ्याही मनात जायचं होतंच. त्या संध्याकाळी हे कितीतरी घरांत एकदम मरणार होते. सगळीकडं मला पोचता येणार नव्हतं, पण एका तरी टेलिव्हिजनच्या पेटीपाशी तुकडा घेऊन बसता आलं असतं. हे स्वतःचं मरण बघायला निघाले आणि मी ते टाळायला.

गाडीत ह्यांचं बूड जागेवर टिकेना. नवं धोतर, नवा पटका. समोर बसेल त्याला सांगायचे, "आज सांजच्याला टेलिव्हिजनवर मला बगा." मी चिमटा काढला तर म्हणाले, "सुम्किर गं," म्हणजे गप बस, आणि पुढच्या स्टेशनावर नव्या माणसाला परत तेच.

सावित्रम्माच्या खोलीत अख्खी चाळ जमली होती. मामा टेलिव्हिजनवर दिसणार म्हणून तिनं गावभर केलं होतं. ह्यांना पुढं खुर्ची दिली. मी पेटीला खेटून खाली बसले, तुकडा पदराच्या गाठीत.

नाटक सुरू झालं. राजवाडा दिसला. दोन राजपुत्र दिसले, आमच्या मंडळातलेच मानसिंग आणि भीमाशंकर. तेवढ्यात सेवक धावत आला आणि म्हणाला, "महाराज गेले! वारसाचं नाव न घेताच गेले!" लगेच दोघांनी तलवारी उपसल्या.

"मामा, तुमी कवा येणार?" सावित्रम्मानं विचारलं.

"येईल की आता. मागचं नंतर दावत असतील."

राण्या भांडल्या, विषाचा पेला आला, धाकटा गादीवर बसला. नाटक संपलं आणि बातम्या लागल्या. राजाचा प्रवेशच कापला होता.

खरं सांगते, मला आधी आनंद झाला. मरण टळलं! जिवावरचं ओझं उतरलं म्हणून मी हसत ह्यांच्याकडं वळले.

हे खुर्चीत तसेच बसले होते, पेटीकडं बघत. शेजारच्या एका गृहस्थानं चांगुलपणानंच विचारलं, "तुमचं काम कुठलं होतं, काका?"

"मी... राजा होतो."

"राजा? राजा तर कुठं दिसलाच नाही."

ह्यांनी मान खाली घातली. इतकी वर्षं ह्यांना मेलेलं पाहिलं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. त्या कापणाऱ्यांचा असा संताप आला की मी ताडकन उठले.

"सावित्रम्मा, बंद कर ते. अवो, उठा."

"कुटं?"

"मरा."



"येड लागलं काय गं तुला?"

"हितं मरा. ह्यांना राजा दिसला न्हाय म्हणत्यात, दावा की!"

ह्यांनी पटका नीट केला आणि सतरंजीवर आडवे झाले. खोकला खराच होता, तोही कामाला आला. मुलांना हाका मारल्या. नाव घ्यायला तोंड उघडलं, आवाज फुटेना. बोट उचललं. ते एकीकडं गेलं, दुसरीकडं वळलं, मधेच थरथरलं आणि खाली पडलं. विंगेतून मला कायम ह्यांची पाठच दिसायची. तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्या राजाला मरायचं नव्हतं हो! त्याला पोरं वाचवायची होती.

मग मागून एक बाई म्हणाली, "मोठ्याकडंच होतं बोट."

"छे हो, धाकट्याकडं वळलं होतं शेवटी."

"तुम्ही नीट पाहिलंच नाही."

बघता बघता चाळ दोन बाजूंना वाटली गेली. ह्यांनी एक डोळा उघडून तो गोंधळ ऐकला आणि माझ्याकडं पाहिलं.

"जमलं का गं?"

मला रडू आवरेना. तुकडा पदराच्या गाठीतच राहिला होता, ओवाळायचं मला सुचलंच नव्हतं.

"परत एकदा मरा," मी म्हणाले.