हात आडवा

आबांनी उभं आयुष्य बंदरात क्रेनला इशारे करण्यात घालवलं. खाली उभं राहून हात करायचा आणि वर काचेच्या खोलीत बसलेल्या ड्रायव्हरने त्या हाताबरहुकूम कंटेनर उचलायचे, उतरवायचे. तिथल्या गोंगाटाने आबांचे कान मात्र पार खाऊन टाकले. आता मशीन लावलं तरी समोरच्याला घसा ताणावा लागे, आणि पाठीमागे कुणी भोकाड पसरलं तरी आबा खुशाल चहा पीत बसत.

हीच तर पंचाईत होती. सूनबाईची रजा संपत आलेली आणि नात चिमी जेमतेम रांगणारी. "मी सांभाळीन तिला," असं आबांनी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. सूनबाई नाही म्हणाली नाही, पण पाळणाघरात चौकशी करून आली, हे मुलाच्या तोंडून निसटलंच. आबांच्या ते जिव्हारी लागलं. ज्याच्या बोटावर जहाजंच्या जहाजं रिकामी झाली, त्याच्या हाती एवढंसं पोर द्यायला घरचे कचरतात म्हणजे काय!

सूनबाईने आपल्या परीने मार्ग काढला. बाळांना बोलता येण्याआधी हाताच्या खुणा शिकवता येतात, असं तिने ऐकलं होतं. मूठ उघडमीट केली की दूध, बोटांची टोकं जुळवली की आणखी, दोन्ही पंजे उलटेपालटे केले की संपलं.

"आबा, तुम्हीही करा ना तिच्यासमोर," ती मोठ्याने म्हणाली. "रडणं ऐकू आलं नाही तरी हात तर दिसेल."

"मला खुणा शिकवतेस?" आबा फणकारले. "अगं, मी..."

"ठाऊक आहे. जहाजं."

झालं, आबा रुसले. सूनबाई एकटीच नेटाने हात हलवत राहिली, पण चिमी ढिम्म. उलट तिने भलतंच सुरू केलं. कोपरापासून हात उभा धरायचा, एक बोट वर करायचं आणि ते हवेत गोल गोल फिरवायचं.

"हिला काही होतंय का हो?" सूनबाई धास्तावली. "डॉक्टरांना दाखवू या का?"

आबांनी पेपरातून मान वर काढली. चिमी सतरंजीवर बसून त्यांच्याकडेच बघत बोट फिरवत होती. त्यांनी उठून तिला उचललं आणि बोट थांबलं. मग कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. तिला उचलण्याआधी ते स्वतःच्या नकळत दरवेळी हाच हात करत आले होते. क्रेनला 'वजन वर घे' सांगतात तो! आबा रुसले होते, त्यांचा हात रुसला नव्हता.

"अगं, ही मला 'वर घे' म्हणतेय!" आबा ओरडले ते अख्ख्या जिन्याने ऐकलं.

खाली ठेवलं, की बोट. उचललं, की बंद. सूनबाईला हसू आवरेना, पण जेवण भरवायला बसली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "मी एवढं शिकवतेय, आणि ही शिकली क्रेन," ती पुटपुटली आणि चमचा पुढे केला. "हा एकच घास, राणी."

चिमीने आबांकडे पाहिलं आणि हात आडवा ताठ केला, तळवा खाली. ती प्लगकडे निघाली की आबा करत, अगदी तस्सा.

"थांब!" आबांनी सूनबाईचं मनगट धरलं.

"अहो, एकच..."

"वर घे, खाली घे, हे बंदरात एकच माणूस सांगतो. पण 'थांब' कुणीही सांगावं, आणि वजन जिथल्या तिथे थांबतं. का ते मागाहून विचारायचं." मग जरा नरमाईने ते म्हणाले, "आणि तुझं 'संपलं' तिने आधीच केलं होतं. पंजे फिरवले ना. रोजच फिरवते."

"रोज?"

"तुझं लक्ष चमच्याकडे असतं. मला वाटलं, दिसत असेल तुला."

सूनबाईने चमचा वाटीत ठेवला. आपले दोन्ही पंजे चिमीसमोर हळूच उलटेपालटे केले. चिमी क्षणभर बघत राहिली, आणि मग तिचे इवलेसे पंजे अस्से गरागरा फिरायला लागले, की सूनबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पोर तिच्याशी केव्हापासून बोलत होती. आबांचा ऊर अभिमानाने भरून आला, नातीच्याही आणि तिला शिकवणाऱ्या सुनेच्याही. दोघींकडे ते टक लावून बघत होते.

"पाळणाघराला नको म्हणून कळवते," सूनबाई म्हणाली. ती इतकं हळू बोलली, की आबांना ते ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"कळव," तिच्या ओठांवरची नजर न हलवता आबा म्हणाले.