हसायचा शॉट

बनाबाईंनी नवऱ्याला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा नावानं हाक मारली, आणि ती नव्वद देशांत ऐकू गेली.

तसं नाव कधी घेतलंच नव्हतं असं नाही. लग्नात, बारशात, हळदीकुंकवात बायका अडून बसल्या की त्यांनी उखाण्यात घेतलं होतं, तेही पदर तोंडाला लावून. पण हाक मारणं वेगळं. ‘अवो’ आणि ‘ऐकलासा का’ एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी एक्केचाळीस वर्षं संसार रेटला. हाकेत नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांना आईनं सांगितलं होतं आणि आईला तिच्या आईनं. ज्याला हसायचं त्यानं हसावं. बनाबाईंना यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

आणि हे सगळं झालं ते एका प्रेतापायी.

मागच्या वर्षी कुरुंदवाडच्या घाटावर हिंदी पिक्चरचं शूटिंग आलं. अशा शूटिंगला माणसं पुरवणारा विश्वजित नावाचा एक गडी कोल्हापुरात होता. हिरोच्या बापाचं प्रेत हवं आहे, पण रुबाबदार हवं, असा त्याला मुंबईहून निरोप आला. कसबा बावड्यात चहाच्या गाड्यावर त्याला आकाराम दिसले. साखर कारखान्यातनं रिटायर झालेले, सहा फूट उंच, आणि मिशा अशा की माणूस आधी मिशांना नमस्कार करील. काम काय, तर तिरडीवर डोळे मिटून पडायचं. आकाराम एकदम खूश.

“जलमभर हुबा ऱ्हाऊन पगार घेतला,” ते म्हणाले, “आता पडून घेतो की!”

त्यांना साखरेचा त्रास, बाहेरचं चालत नाही, म्हणून बनाबाई भाकरी बांधून सोबत गेल्या. तिथं त्यांची विधवा म्हणून मुंबईची एक बाई आणलेली होती. ती रडायची सुरेख, पण तिच्या डोळ्यांतलं पाणी काजळाला धक्का न लावता खाली यायचं. डायरेक्टर वैतागला. एवढ्यात त्याला कुणीतरी सांगितलं की प्रेताची खरी बायको डबा घेऊन झाडाखाली बसली आहे.

“मौसी, आप ही रोइए,” तो हात जोडून म्हणाला.

बनाबाईंनी साफ नाही म्हणून सांगितलं. तेव्हा तिरडीवरचं प्रेत उठून बसलं. “रड की गं बने! हिरोइन हुशील!”

खरं सांगायचं तर बनाबाईंनाही मोह झाला. सकाळपासून त्यांना खुर्ची मिळाली होती, डोक्यावर कुणी छत्री धरली होती. अनुजा नावाच्या मेकअपवालीनं तेलाच्या बोळ्यानं त्यांचं कुंकू पुसलं, तेव्हा नको म्हणावंसं वाटलं. पण तोवर कॅमेरा फिरला होता. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या, कारण आकाराम. त्यांची खोडच होती, हसू नको म्हटलं की त्यांना हसू फुटायचं. बनाबाईंनी सूर लावला की मेलेल्या माणसाच्या मिशीचं डावं टोक थरथरायचं. तिसऱ्या खेपेला डायरेक्टर ओरडला, आणि मग आकाराम खरेच निपचित पडले. नाकात कापूस, अंगावर पांढरं कापड, कपाळाला बुक्का. बनाबाईंनी ते तोंड पाहिलं आणि हे खोटं आहे हेच विसरल्या.

“आकाराऽऽम!”

एकदा नाही, तीनदा. डायरेक्टरनं डोळे पुसले. पिक्चरातल्या बापाचं नाव भलतंच काही होतं, ते पुढं आकारामच करून टाकलं.

मग एकच पळापळ झाली. हिरोला विमान गाठायचं होतं, ऊन उतरत होतं, माणसं वायरी गुंडाळायला लागली. अनुजा बनाबाईंना कुंकू लावत होती, पण कपाळाला तेल लागलेलं, ते धरेना. दोनदा लावलं, दोनदा ओघळलं.

“मावशी,” अनुजानं विचारलं, “काकांचा हसायचा शॉट घेतला ना?”

“कसला?”

“आमच्यात पद्धत असते. मरणाचा सीन झाला की त्या माणसानं उठून कॅमेऱ्यात बघून हसायचं. त्याशिवाय सोडत नाहीत. अपशकुन राहतो.”

कुणी घेतला नव्हता. कॅमेरा तोवर पेटीत गेला होता. “घेतील उद्या,” अनुजा म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी घाटावर शेळ्या सोडल्या तर कुणी नव्हतं.

पिक्चर यंदा लागला आणि असा चालला की बोलायची सोय नाही. कोल्हापुरात चालला, मुंबईत चालला, दुबईत, लंडनात, अमेरिकेत चालला. हजार कोटी झाले, असं टीव्हीवरची मुलगी ओरडून सांगायची. आणि संगीतवाल्या शहाण्यानं बनाबाईंची ती हाक उचलून गाण्याच्या मधोमध बसवली होती. मग काय, जगाला खेळणंच मिळालं. ब्राझील नावाच्या देशातली एक पोरगी हातातनं अंडं पडून फुटलं की त्या हाकेवर ओठ हलवून ऊर बडवायची. जपानातला एक माणूस मेलेल्या मोबाइलला तिरडीवर घालून तेच करायचा. सून वर्षाराणी कौतुकानं एकेक दाखवायची. “आत्ती, ह्ये बघा, सत्तर लाख लोकांनी बघितलंय!”

बनाबाईंच्या अंगावर काटा यायचा. सत्तर लाख माणसं त्यांच्या नवऱ्याच्या नावानं गळा काढत होती. रोज. एकदा नाव घेतलं तर आयुष्य कमी होतं म्हणतात, मग हे?

आकाराम मात्र गल्लीतनं मिशा पिळत फिरायचे. “मेल्याला माणूस बघायचाय का? या, हात लावून बघा,” म्हणून पावण्यारावळ्यांना चहा पाजायचे. “बने, आपन आता इंटरनॅशनल!”

जपानात पिक्चर लागला त्याच दिवशी, म्हशीपुढं वैरण टाकताना त्यांच्या छातीत कळ आली. तपासण्या झाल्या. तीन ठिकाणी अडलेलं. डॉक्टरांनी गुरुवारी ऑपरेशन ठरवलं. मुलगा पृथ्वीराज पैशांच्या आणि रक्ताच्या मागं धावायला लागला. बनाबाई मात्र वर्षाराणीला घेऊन थेट विश्वजितच्या ऑफिसात गेल्या.

“मला त्यो शाट घ्यून पायजे,” त्या म्हणाल्या. “गुरुवारच्या आत.”

विश्वजितला आधी कळेना. मग कळलं असं वाटून त्यानं दार लावून घेतलं आणि मुंबईला फोन केला. बराच वेळ तो हळू आवाजात बोलत होता. मग यंत्रातनं एक कागद निघाला.

“काकू, पंचवीस हजार देत्यात. सही करायची, आन् परत आवाजाचं नाव काढायचं न्हाय.”

“मला पैसं नगंत. हसायचा शाट पायजे.”

परत फोन. “पन्नास म्हनत्यात.”

“आरं बाबा, मला हसू पायजे!”

मुंबईवालेही घाबरले होते. एवढं मोठं यश, एवढे देश. म्हातारी कुठल्या वकिलाला भेटली असेल कुणास ठाऊक. लाखापर्यंत गेले. हसण्याचं मात्र कुणाच्या डोक्यात शिरेना. डायरेक्टर बक्षीस घ्यायला परदेशात होता. पुढचा भाग निघाला तर बघू, असं कुणीतरी म्हणालं. त्यात बापाचा भिंतीवर हार घातलेला फोटो असणार होता.

वर्षाराणी बीकॉम झालेली, तिनं कागद वाचला. या चेहऱ्यावर आणि आवाजावर कंपनीचा हक्क, सगळ्या जगात, अखिल विश्वात, कायमचा.

“अखिल विश्वात म्हंजे कुठवर गं?”

“जगाच्या भायेर बी, आत्ती. चंद्र, सूर्य, पार वरपातूर.”

विश्वजित हसला. “तसं लिवायची पद्धत असतीया काकू. वर कोन बसलंय पिक्चर बघायला?”

वर कोण बसलंय ते बनाबाईंना ठाऊक होतं. नव्वद देशांना जे रडणं खरं वाटलं ते त्याला खोटं का वाटावं? बायकोनं कुंकू पुसलंय, नावानं हाका मारल्यात, तिरडी बांधलीय. हा माणूस अजून खाली कसा राहिला म्हणून तो न्यायला निघाला, तर ते शूटिंग होतं हे त्याला कोण सांगणार? हसायचा शॉट त्यासाठीच असतो. थांब बाबा, आम्ही खेळत होतो, एवढं सांगायला. त्यांनी कागद परत सरकवला.

बुधवारी सकाळी दवाखान्यात जायची पिशवी भरली. वर्षाराणी म्हणाली, “आत्ती, माझ्या मोबाइलवर घिऊया की. कॅमेरा त्यो कॅमेरा.”

आकारामना सोप्यात खुर्चीवर बसवलं. त्यांनी नेहमीसारखं बोलून घेतलं, बायका काय खुळ्या असतात वगैरे. वर्षाराणीनं मोबाइल धरला. “हं मामा, हासा.”

आकारामनी तोंड उघडलं. मिशा वर केल्या. दात दिसले, पण हसू काही येईना. परत केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा त्यांची हनुवटी थरथरायला लागली.

“जमंना गं, बने,” ते म्हणाले. “लई भ्या वाटतंय.”

बनाबाईंच्या काळजाचं पाणी झालं. म्हणजे गल्लीभर मिशा पिळत फिरणारा हा माणूसही आतल्या आत त्या हाकाच मोजत होता. त्यांनी सुनेला मोबाइल खाली घ्यायला सांगितलं आणि पिशवीत चादर घालायला लागल्या, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

ऑपरेशन झालं. नीट झालं, असं डॉक्टर म्हणाले. शुक्रवारी सकाळी श्वासाची नळीही काढली. पण आकाराम डोळे उघडेनात. नऊ वाजले, दहा वाजले. अकराला डॉक्टर आत गेले ते लवकर बाहेर आले नाहीत. मग नर्स आली. शिवांजली तिचं नाव, निपाणीकडची. दवाखान्यात सगळ्या म्हाताऱ्या बायकांना ती कानडी पद्धतीनं अव्वा, म्हणजे आई, म्हणायची आणि म्हाताऱ्या माणसांना अप्पा.

“अव्वा, तुम्ही आत या. ओळखीचा आवाज कानावर पडला की पेशंट लवकर जागा होतो.”

वर्षाराणीनं मोबाइल त्यांच्या हातात कोंबला. “आत्ती, शुद्धीवर आलं की ह्यो लाल ठिपका दाबा. घ्या हासल्यालं.”

बनाबाईंनी तो पोलक्यात सरकवला आणि चपला काढून आत गेल्या.

आत थंडगार होतं. कॉटवर आकाराम. छातीपर्यंत पांढरं कापड, नाकाशी कापूस आणि चिकटपट्टी, मिटलेले डोळे. अगदी तेच तोंड. बनाबाई दारातच थिजल्या. आपण हे आधी पाहिलंय, साऱ्या जगानं पाहिलंय, असं त्यांना वाटलं.

“अवो,” त्या म्हणाल्या. “ऐकलासा का?”

शिवांजलीनं त्यांना आणखी पुढं घेतलं.

“असं नको अव्वा. नावानं हाक मारा, मोठ्यानं.”

“नाव न्हाय घ्यायचं मला.”

“घ्या हो. उशीर करून चालणार नाही.”

बनाबाईंनी कॉटचा दांडा धरला. मागं नाव घेतलं तेव्हा हा माणूस मेला होता. आता घेतलं आणि तसंच झालं तर? न घेतलं आणि झालं तर? त्यांनी डोळे मिटले.

“आकाराम!”

आवाज फुटला तो घाटावरचाच. दुसरा त्यांच्याकडे नव्हता. शेजारच्या कॉटवरच्या माणसानं मान वळवली. शिवांजली जागच्या जागी उभी राहिली. ही हाक तिच्या मोबाइलमध्ये होती, सगळ्या दवाखान्याच्या मोबाइलमध्ये होती.

“आकाराम! आकाराऽम!”

पापणीसुद्धा हलली नाही. आता मात्र बनाबाईंना खरीखुरी भीती वाटली, आत्तापर्यंतची सगळी भीती हिच्यापुढं काहीच नव्हती. तीन हाका झाल्या होत्या, घाटावर झाल्या तेवढ्याच. आता पुढं काय येतं ते त्यांना माहीत होतं, पुढं सगळे वायरी गुंडाळतात.

आणि त्यांना पहिल्या दोन खेपा आठवल्या.

त्या खाली वाकल्या. नवऱ्याच्या कानाला तोंड लावून दटावून म्हणाल्या, “हासू नगासा हं. शाट चालू हाय. आजाबात हासायचं न्हाय.”

यंत्र टिकटिक करत होतं. बनाबाई मिशीकडे बघत राहिल्या.

मिशीचं डावं टोक थरथरलं. थांबलं. परत थरथरलं आणि वर गेलं, आणि त्यामागोमाग एका डोळ्याची फट उघडली.

“अप्पा, अप्पा, दिसतंय का?” शिवांजली धावली, डॉक्टरांना हाका गेल्या, चार माणसं कॉटभोवती आली आणि बनाबाईंना कुणीतरी हाताला धरून बाहेर काढलं. त्या बाकावर बसल्या तेव्हा पदर ओला झाला होता आणि कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलं होतं.

वर्षाराणी पळत आली. “उठलं मामा? हासलं?”

बनाबाईंनी मान डोलावली.

“घेतलासा?”

त्यांनी पोलक्यातनं मोबाइल काढून सुनेच्या हातात दिला. तो तसाच बंद होता.

“न्हाय गं,” बनाबाई म्हणाल्या. “मी बघितलं की.”