गुप्त मतदान

मला भीती वाटत होती, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं फौजेत काढलेला माणूस असं सहसा कबूल करत नाही. पण त्या रविवारी साताऱ्याच्या मंगल कार्यालयात, डोक्यावर पंखा फिरत असताना, माझ्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

आमच्या माजी सैनिकांच्या पतसंस्थेची विशेष सभा होती आणि विषय एकच. तासगावच्या एका पतसंस्थेने बेदाण्याच्या व्यापाऱ्यांना वारेमाप कर्जं दिली, व्यापारी पसार झाले, आणि ठेवीदारांनी तिथलं दार धरलं. तिच्या मागोमाग सांगलीकडच्या आणखी दोन संस्था लटपटू लागल्या होत्या. आम्ही आमच्या ठेवींतले चार कोटी तीन वर्षांसाठी तासगावच्या संस्थेत ठेवले, तर ती तगणार होती. नाहीतर सोमवारी कुलूप.

माझी मुलगी अंकिता त्याच संस्थेत कॅशियर आहे. शुक्रवारी तिचा फोन आला होता. "आबा, एक म्हातारा आला, पेट्रोलची बाटली काउंटरवर ठेवली अन् नुसता माझ्याकडं बघत उभा राहिला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. रविवारी तुमी काय ठरवताय?"

मी म्हणालो, बघू. ती तिथे कामाला आहे, हे मी सभेत उठून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

अध्यक्ष नानासोंनी सुरुवात केली. "आज त्यांच्या दारात रांग हाय, उद्या आपल्या दारात लागंल. लोकांना तासगाव काय अन् सातारा काय, सगळ्या पतसंस्था सारख्याच. शेजार पेटल्यावर आपली घागर झाकून बसायचं व्हय?"

अर्जुना नाईक ताडकन उठला. "बेदाणा त्यांनी खाल्ला, काड्या आमी चघळायच्या? बुडत्याला हात द्यायला जावं, तर त्यो आपल्यालाच खाली वढतोय. आदी त्या व्यापाऱ्यांच्या जमिनी इका, मग आमच्याकडं या."

दोघंही खरं बोलत होते, हीच पंचाईत. तरी मला पटत होतं ते अर्जुनाचंच. एकदा दिलेले चार कोटी परत येतील, अशी हमी कुणीही देत नव्हतं.

भाषणं संपली आणि सगळा हॉल माझ्याकडे वळला. आमच्यात फौज सुटते, हुद्दा सुटत नाही. मी सुभेदार मेजर, हॉलमध्ये सगळ्यांत थोरला. मी हात वर केला की दीडशे हात वर जातात, मी खाली ठेवला की बोटसुद्धा हलत नाही. आमचा चहावालाही असाच नेमला गेला आणि त्याचा चहा भिकार आहे. एरवी मला याचं हसू येतं.

"चिठ्ठ्या वाटा, गुप्त मतदान घ्या," मी म्हणालो. "ज्यानं त्यानं आपल्या डोक्यानं ठरवा. माझ्याकडं बघू नका."

मला हायसं वाटलं. माझं एक मत माझ्या पोरीला, बाकीच्यांचं ते बघतील. मी 'होय' लिहिलं, घडी घालून डब्यात टाकलं आणि वळलो, तर समोर राहीबाई. तिचा नवरा माझ्याच कंपनीत होता. तो बर्फातून परत आला नाही. त्याच्या मागे जे काही मिळालं, ते सगळं तिने आमच्या संस्थेत ठेवलं होतं. तसं सांगणारा मीच.

"सायब, माजी बी लिवा की."

"राहीबाई, तुम्हाला लिहायला येतं."

"येतंय वो. पर काय लिवायचं ते कळंना. माज्या पैशाला जे बरं, ते लिवा."

तिला फसवणं काही मला जमलं नाही. 'नाही' लिहिलं आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली.

तिने घडी घातलीच नाही. "सायबांनी न्हाई लिवलंय," तिने शेजारच्या अर्जुनाला दाखवलं. त्याने मागच्या रांगेला सांगितलं. "अवं, झाका ते!" असं मी म्हणेपर्यंत शेवटच्या रांगेत लिहिणं सुरू झालं होतं.

आमच्याकडे अध्यक्ष मत टाकत नाहीत, त्यामुळे नानासोंनी फक्त मोजलं. "न्हाई, एकशे सत्तेचाळीस. व्हय, एक."

हॉल खदखदून हसला. "कोण रं त्यो एकटा शाना?" अर्जुना ओरडला. सगळे माझ्याकडे बघत होते, साहेब आता त्या एकट्याला झापतील म्हणून. मीही हसलो. तेवढं मात्र जमलं मला.

बाहेर येऊन फोन लावला. "अंकिता, नाही म्हणाले लोक. उद्या तू कामावर जाऊ नको."

ती हळू आवाजात म्हणाली, "दाराच्या किल्ल्या माझ्याकडं हायत, आबा. मी न्हाई गेले तर लोकं घरी येतील."