सुई उतरताना

मीटरची सुई उतरायला लागली. साडेबारा, बारा, पावणेबारा. मी स्टुलावर बसून आकडे सांगत होते आणि हे बॉनेटखाली वाकून कार्ब्युरेटरचा स्क्रू नखभर आवळत होते. पेट्रोल कमी केलं की सुई वर चढायला हवी. ती खालीच येत होती.

"अहो, डोकं ठणकतंय माझं."

"चष्मा लागला असेल तुला. आकडा सांग."

"साडेअकरा."

"मघाशी बारा होती ना? नीट बघ."

गॅरेजला खिडकी नव्हती आणि शटर खाली होतं. कोलकात्यातल्या बागबाजारच्या आमच्या गल्लीत, राजकीय मारामाऱ्यांच्या त्या वर्षांत, बॉम्बचा आवाज आला की सगळी शटरं धडाधड पडत, आणि समोरच्या मिठाईवाल्या निमाईबाबूंनी आपलं उचलल्यावरच बाकीची उठत. त्याआधी कुणी उचलत नसे. आम्हीही वाट बघत होतो. इंजिन मात्र चालू होतं. ते तापल्याशिवाय मीटर खरं सांगत नाही, आणि थंड झालं की सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या वकिलांच्या मुलीचं लग्न होतं. नवरदेवाला आणायला हीच जुनी विलायती गाडी जायची होती.

मीटर येण्याआधी हे कानानं काम करत. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून उभे राहत, तापलेल्या पोराची छाती ऐकावी तसे. थंडीतलं तिरपं ऊन दुपारी उघड्या शटरमधून आत येई, त्यात धूळ तरंगे आणि यांच्या टकलावर पेट्रोलचा एखादा थेंब चमके. यांचा जन्म कोलकात्यातलाच. इंजिनाला शिव्या बंगालीत देत, चुचकारत मराठीत. शेजारी त्यांना बर्गीदा म्हणत, म्हणजे लूट करायला आलेला मराठा, आणि हे हसून त्या नावाला ओ देत.

मग मीटर आलं. सायलेन्सरमध्ये रबरी नळी घालायची, दुसरं टोक मीटरला. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग जळतात ते सुई दाखवते. स्क्रू आणि सुई दोन्हीकडे एकदम बघता येईना, म्हणून मला बसवलं. "या कामाला चौथी पास बाईच हवी," हे म्हणत. "जास्त शिकलेली मधेच सल्ला देते."

मी सल्ला दिला नाही. अकरा, म्हटलं.

हे सरळ उभे राहिले. कोडं पडलं की फडक्यानं एकेक बोट पुसायची सवय होती, तशी पुसू लागले. करंगळीपर्यंत आले आणि थांबले. "आज काय झालंय गं तुला," असं गाडीला म्हणाले, अगदी हळू, आणि मडगार्डला टेकून खाली बसले. मी उठायला गेले. पाय माझे नव्हते.

पुढचं मला निमाईबाबूंनी सांगितलं. त्यांनी शटर उचललं, गल्लीतली सगळी उठली, आमचं उठेना. आतून इंजिनाची घरघर येत होती. "बर्गीदा, ओ बर्गीदा, झोपलात की काय?" म्हणत त्यांनीच ते उचललं. मी पडले होते ती शटरच्या खालच्या फटीला तोंड लागून. हे मडगार्डपाशी बसलेलेच होते, फडकं हातात.

गाडी उत्तम चालू होती.

नंतर एका मेकॅनिकनं समजावलं. बंद जागेत इंजिन स्वतःचाच धूर परत आत ओढतं, त्याला हवा पुरत नाही आणि सुई उतरते. कार्ब्युरेटर ठीक होता. संपत आली होती ती खोलीतली हवा, आणि सुई तेवढंच सांगत होती. मी ते मोठ्यानं बोलत होते, हे ऐकत होते, आणि स्क्रू फिरत होता.

माणूस गेल्यावर त्याचा आवाज आधी विसरतो, म्हणतात. माझ्याकडे तो राहिलाय, पण एवढाच: आकडा सांग. थंडीत तिसऱ्या प्रहरी ऊन तिरपं झालं की ऐकू येतो. बाकीचं सगळं काळ पुसत गेला, एकेक बोट पुसावं तसं.

गॅरेजमध्ये आम्ही दोघं होतो. जिवंत मी राहिले.