तळवड्याच्या बांधावरचे वारूळ

मी एक जुने वारूळ आहे. मित्रांनो, वारूळ म्हटले की तुम्ही दोन पावले मागे सरता, आत नाग असेल म्हणून. नाग माझ्याकडे क्वचितच आला. मला बांधले ते वाळवीने, चिमूटभर माती थुंकीने कालवून. आणि वाळवीचा राग नागासारखा फूत्कारत नाही, तो मुकाट्याने आतून पोखरतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझी गोष्ट सुडाची आहे.

तळवड्याला, इंद्रायणीच्या अलीकडे, एका बांधावर मी उभे होते. बांधाच्या एका अंगाला अंबूबाईचे शेत, दुसऱ्या अंगाला नानासाहेबांचे. अंबूबाईला ना नवरा उरला होता, ना भाऊ. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपवास धरतात, तो ती माझ्यासाठी धरायची. पंचमीला दूध-लाह्या, हळदकुंकू घेऊन यायची. मग गावच्या साऱ्या बायका बाभळीपासून विहिरीपर्यंत माझ्याभोवती फेर धरून गाणी म्हणायच्या. मातीच्या ढिगाला यापेक्षा मोठा मान कोणता हवा?

पण पिंपरीकडे कारखान्याच्या भिंती उभ्या राहिल्या आणि जमिनीचा हात-हात तुकडा लोकांना गोड लागू लागला. नानासाहेबांना बांध सरकवायचा होता. त्याआधी बांधाची खूण हलायला हवी होती, आणि खूण म्हणजे मी. उघड उपटले तर गाव तोंडात शेण घालेल. म्हणून त्यांना एकाएकी निसर्गाचे प्रेम फुटले.

घराच्या पुढच्या सोप्यात त्यांनी ‘निसर्गगृह’ काढले. सुगरणीचा खोपा, साळिंदराचे काटे, भुसा भरलेले मुंगूस, घंगाळात जिवंत कासव. दारावर पाटी लावली, ‘हात लावून पाहा.’ कासवाच्या पाठीवर बोट फिरवताना पोरांचे डोळे बघावेत! त्या पोरांवर माझा राग कधीच नव्हता. मुंगूस आणि साळिंदर यांच्या मधोमध नानासाहेबांची तसबीर होती, दोघांपेक्षा मोठी, आणि तिच्याखाली त्यांची नक्षीची खुर्ची. "अस्सल सागवान!" येईल त्याला ते सांगत.

मला उचलले ते पंचमीच्या आदल्या दिवशी. पंचमीला जमीन खणायची नसते ना, नानासाहेब मोठे देवभोळे! गड्यांना त्यांनी बजावले, "आख्खं आणा रं. येक ढेकूळ पडता कामा न्हाई. पार खालनं खणा." गड्यांनी कंबरभर खणून मला खालच्या मातीसकट गाडीत घातले. त्या मातीत आमची राणी होती. नानासाहेबांच्या हौसेनेच ती त्यांच्या घरात आली.

दुसऱ्या दिवशी अंबूबाई ताट घेऊन बांधावर गेली, तर तिथे खड्डा. ती तशीच अनवाणी निसर्गगृहाच्या दाराशी आली. नानासाहेब आडवे आले.

"हात लाव की, अंबूबाई. पण हळदकुंकू न्हाई. हे आता वारूळ न्हाई, नमुना हाय."

"नमुना कुनाचा? तुमच्या खोट्या नियतीचा?" ती म्हणाली. "माझा भाऊ कोंडलाय तुमी घरात."

"मातीला भाऊ म्हनती!" नानासाहेब हसले, आणि त्यांना बरे वाटावे म्हणून आणखी दोघे हसले. अंबूबाईच्या हातातले ताट हिंदकळले, दूध उंबऱ्यावर सांडले. ती रडली नाही. मी मात्र त्या सांडलेल्या दुधाची शपथ घेतली, की या माणसाला बसल्या जागी खाली आणीन.

बाजरी निघाल्यावर नांगर फिरला आणि बांध अंबूबाईच्या शेतात चांगलाच सरकला. ती चावडीवर गेली, तर तिथले म्हणाले, "खूण दाखव." खूण सोप्यात डांबलेली होती.

मग आम्ही कामाला लागलो. भिंतीच्या सांदीतून मातीच्या बारीक नळ्या निघाल्या. एक तसबिरीमागे गेली, दुसरी खुर्चीकडे. पहिल्याच चाव्यात कळले, सागवान कसले? आंबा! वरून काळे रोगण. सागवानाचा गाभा आमच्या दाताला जड जातो, आंबा म्हणजे पंगत. वरचे रोगण आम्ही जागच्या जागी ठेवले आणि आतले लाकूड सावकाश संपवले. मला कसलीच घाई नव्हती.

वर्ष सरले. नानासाहेबांनी पंचमीच्याच दिवशी निसर्गगृहाचा वाढदिवस ठरवला. पुण्याचे पाहुणे आले. गावच्या बायका आल्या, त्यात नानासाहेबांची बायको रुक्मिणीबाईही होती.

"हात लावून बघा, साहेब. अस्सल सागवान!"

पाहुण्यांनी खुर्चीच्या हातावर बोट टेकवले. बोट आत गेले.

"आसं कसं हुईल?" म्हणत मजबुती दाखवायला नानासाहेब स्वतःच धपकन बसले. खुर्चीचे चार पाय चार दिशांना गेले आणि नानासाहेब भुशात लोळले. त्या हादऱ्याने तसबीरही खाली आली. तोंड आम्ही मागून खाऊन वर नुसता पापुद्रा ठेवला होता, तो गळला आणि काचेमागे फेटा तेवढा शिल्लक राहिला. पोरांनी टाळ्या पिटल्या. मित्रांनो, मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

रुक्मिणीबाई मात्र पांढरीफटक पडली. "अवो, नागोबाला कोंडलंत, त्यानं तोंड खाल्लं तुमचं! उद्याच्या उद्या जिथं हुतं तिथंच नेऊन ठिवा. तवर मी या घरात पानी पिनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी गाडी शेतात गेली, मागोमाग फेर धरणाऱ्या साऱ्या बायकाही. नानासाहेबांनी नव्या बांधावर बोट दाखवले. "हितंच हुतं."

"हितं न्हाई," अंबूबाई म्हणाली. पण तिचे एकटीचे कोण ऐकणार?

तेव्हा त्या बायकांतली छबूबाई जाऊन बाभळीला पाठ लावून उभी राहिली. "फेर धरला की माझी पाठ दरसाल हिला खरचटायची." सोजराबाई समोरच्या विहिरीच्या काठाशी गेली. "आन मी हितं. आत पडंन म्हून जीव मुठीत धरायची." बाकीच्या बायकांनी दोघींच्या मधून हातात हात गुंफले, रुक्मिणीबाईनेही. फेर पुरा झाला. त्याचा मध्य आला नानासाहेबांच्या कोवळ्या बाजरीत, नव्या बांधापासून बराच आत. बाजरी तुडवली गेली, पण एकीचाही पाय मागे आला नाही.

गडी कुदळीला हात लावेनात. खड्डा नानासाहेबांनीच खणला, साऱ्या गावादेखत. चार दिवसांत बांधही मुकाट्याने माझ्यापाशी परत आला. अंबूबाईने माझ्या अंगावर हात फिरवला, एक दिवस उशिरा दूध ओतले आणि म्हणाली, "आलास का रं, भावा?"

मित्रांनो, निसर्गगृहात जरूर जा. कासवाला हळूच हात लावा, त्याचे पाणी बदला. पण मी माफ केले असे समजू नका. परत येताना आम्ही सगळे आलो नाही. आमची बरीच मंडळी त्या सोप्यातच राहिली आहे, आणि नानासाहेबांच्या माजघराची तुळईसुद्धा आंब्याचीच आहे. तेव्हा दुसऱ्याच्या बांधाला हात लावण्याआधी आपल्या घरचे लाकूड एकदा बोटाने दाबून पाहा.