कुणाच्या नकळत?

मित्रांनो, मी वापरून वापरून गुळगुळीत झालेला एक शब्द आहे. न, क, ळ, त, एवढीच माझी अक्षरे. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. अंगावर दागिना नसलेल्या माणसासारखा मी साधा दिसतो, म्हणून लोक मला निरुपद्रवी समजतात. माझाही बरीच वर्षे तोच गैरसमज होता.

माझा जन्म कुठल्या पंडिताच्या घरी झाला नाही. कुणाला तरी काहीतरी कळले नाही आणि ते दुसऱ्या कुणाला तरी हसत हसत सांगायचे होते, म्हणून मी जन्मलो. लहानपणी मी कधी एकटा बाहेर पडत नसे. माझे बोट धरून कुणीतरी पुढे चालत असे. 'आईच्या नकळत साखर खाल्ली.' 'साहेबांच्या नकळत डुलकी काढली.' 'बाबांच्या नकळत प्रगतिपुस्तकावर सही केली.' काय झाले, कुणी केले, कुणाला कळले नाही, सगळा मामला चोख असे. तेव्हा मला कसलीच लाज वाटत नसे. उलट खोड्यांच्या जगात मला फार मान होता.

मग मी साहित्यात गेलो आणि बिघडलो.

साहित्यात माझ्यापुढचा माणूस काढून टाकण्यात आला. 'तिच्या डोळ्यांत नकळत पाणी आले.' कुणाच्या नकळत? तिच्या? शेजारणीच्या? डोळे तिचे, पाणी तिचे, रुमालही तिचाच, तरी म्हणे कळले नाही. पण कुणी विचारले नाही आणि मीही बोललो नाही. काम मिळत होते. तिथे माझ्यासारखेच आणखी मजूर होते. 'अचानक' होता, दार उघडायच्या आधी तो धापा टाकत येऊन उभा राही. 'क्षणभर' होता, त्याला बिचाऱ्याला पानभर तिष्ठत ठेवत. 'अनामिक हुरहूर' नावाची एक जोडी होती. त्या हुरहुरीला नाव द्यायला कुणालाच वेळ झाला नाही, आणि पुढे सगळ्यांनी तिला नावे ठेवली. कथा संपली की आम्ही सारे दमून एकाच परिच्छेदात आडवे होत असू.

माझी सगळ्यांत मोठी नोकरी एका कथाकाराकडे झाली. घरात त्याला सगळे धाकटा म्हणत. विमा कचेरीतली नोकरी सोडून तो लेखक झाला होता. त्याचे टेबल स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचे यंत्र यांच्या मधोमध होते, आणि यंत्र थरथरू लागले की त्याची नायिकाही थरथरे. अर्थात, नकळत. नायकाचा हात नकळत पुढे येई. पावले नकळत मागे वळत. एका कथेत तर माझ्याकडून कुत्र्याची शेपटी हलवून घेण्यात आली. त्यात कुत्र्याला न कळण्यासारखे काय होते, ते कुत्र्यालाच ठाऊक.

कौतुकही झाले, खोटे कशाला बोलू? एका बाईंनी त्याला रस्त्यात थांबवून सांगितले, "तुमच्या कथेत ना, सगळं कसं नकळत होतं." त्यानंतर काही दिवस तो जमिनीपासून जरा वरूनच चालत होता. मीही.

एकाच माणसाला मी खपत नसे. तो म्हणजे या लेखकाचा थोरला भाऊ, दादा. त्याचे औषधांचे दुकान होते. दुकान तो आणि वहिनी मिळून चालवत. गोळीच्या पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरे वाचायची सवय असल्यामुळे दादा भावाच्या कथाही तशाच वाचत असे, नाकाला लावून.

"काय रे, तुझी माणसं शुद्धीवर कधी असतात?" तो विचारी. "रडतात नकळत, हसतात नकळत, परवा तर एकाने लग्न केलं नकळत. मी इथे एक गोळी नकळत दिली ना, तर दुसऱ्या दिवशी शटरला सील लागेल."

"दादा, ते तरल असतं."

"तरल म्हणजे सिरप का?"

वहिनी काउंटरमागे हसू दाबत. धाकटा रागावून घरी येई आणि पुढच्या कथेत मला आणखी दोनदा वापरी.

मागच्या थंडीत दादा गेला. दुकान महिनाभर बंद राहिले. मग वहिनींनी एके सकाळी शटर वर केले, फडताळे पुसली आणि धाकट्याला बोलावून सांगितले, "यांचा फोटो लावायचाय, काउंटरच्या मागे. खाली चार ओळी पाहिजेत. घरात लेखक तू एकटाच आहेस. शनिवारी फ्रेमवाला येतोय."

धाकट्याने त्या ओळी मनापासून लिहिल्या, हे मी शपथेवर सांगेन. लिहिताना तो रडत होता. लिहिले ते असे: 'दादा नकळत सर्वांच्या मनात घर करून गेला. तो नकळत अनेकांचा आधार झाला. आम्हां सर्वांना तो नकळत सांभाळत राहिला.' प्रत्येक ओळीत मी होतो. माझी मान ताठ होती.

दुपारी गिऱ्हाईक कमी असते, तेव्हा तो कागद घेऊन दुकानात गेला. वहिनींनी चष्मा लावून वाचले आणि विचारले, "हे कुणाबद्दल आहे?"

"म्हणजे? दादाबद्दल."

"मग हा नकळत कोण?"

धाकटा गडबडला. "वहिनी, म्हणजे... सहज, आपोआप, अशा अर्थाने. दादाचा स्वभावच तसा होता."

तेवढ्यात एक आजोबा खोकल्याचे औषध मागायला आले. वहिनींनी बाटलीवरची तारीख पाहिली, झाकण घट्ट आहे ना ते पाहिले, आजोबांना रस्ता ओलांडताना पाहिले, आणि मग त्या वळल्या.

"नोकरी सोडलीस तेव्हा दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचास. आठवतं?"

"न आठवायला काय झालं? दादाचा फोन यायचा. आज भाजी चुकून जास्त झालीये, संपवायला या म्हणून. आम्ही घरी हसायचो वहिनी, राग मानू नका. म्हणायचो, वहिनींना अंदाजच नाही."

"मला अंदाज नाही? उभा जन्म गोळ्या मोजतेय मी." वहिनींचा आवाज चढला नाही. "मी भाजी चिरायला बसले की हे येऊन उभे राहायचे. 'धाकट्याच्या घरचं धर,' म्हणायचे. मी म्हणायचे, अहो, मग सरळ जेवायला बोलवा ना. तर म्हणायचे, सरळ बोलावलं तर तो यायचा नाही. त्याला सगळं चुकून झालेलं लागतं."

धाकटा काउंटरवरच्या वजनकाट्याकडे बघत राहिला.

"एकदा यांना ताप होता. मी म्हटलं, आजचा रविवार राहू दे. तर उठले, फोनपाशी गेले, घसा साफ केला आणि म्हणाले, 'अरे, हिने पुन्हा घोळ घातला बघ भाजीचा.' माझं नाव खराब केलं त्या माणसाने. दर रविवारी. ठरवून." त्यांनी कागद काउंटरवर ठेवला आणि बोटाने त्याच्याकडे सरकवला. "आणि तू लिहितोस नकळत. हे असलंच लावायचं असेल तर नको. मी नुसता फोटो लावीन."

मित्रांनो, त्या वेळी मी कागदावर तीन ठिकाणी उभा होतो आणि तिन्ही ठिकाणी मला खाली मान घालायची होती. शब्दाला मान खाली घालता येत नाही, हा आमच्या जातीला मिळालेला शाप आहे. आजवर मी पुष्कळांची पापे झाकली होती. हात सोडून गेलेले प्रियकर, आईला विसरलेले मुलगे, सगळ्यांना मी सोडवले होते. त्याची थोडी लाज होती, पण पापे झाकणाऱ्याला निदान वकील तरी म्हणतात. एका माणसाचे जाणूनबुजून केलेले पुण्य मी उचलून नेले होते, तेही त्याच्याच फोटोसाठी लिहिलेल्या ओळींत उभे राहून. त्याला काय म्हणतात, ते मला अजून सापडलेले नाही.

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याला चांगले कळून आले.

तो दुकानातल्या बाकावर बसला आणि वहिनींचे पेन घेऊन त्याने मला खोडले. तिन्ही ठिकाणी. खोडल्यावर वाक्ये लंगडू लागली, तेव्हा माझ्या जागी 'सहज' येऊन उभा राहिला. त्याने त्यालाही हाकलले. 'अलगद' दारातूनच परत गेला. धाकटा बराच वेळ बसून होता. गिऱ्हाइके येत होती, जात होती, एका बाळाने बाकावर चढून त्याचा कान ओढला. शेवटी त्याने लिहिले: 'याने ठरवून माणसे सांभाळली. कुणाला कळू दिले नाही.'

वहिनींनी वाचले. पुन्हा वाचले. "हां," त्या म्हणाल्या. "हे आमचे."

"खाली माझं नाव घालू? धाकटा म्हणून?"

"नको. जेवून गेलेल्यांची नावं घालायला लागलो तर फ्रेम पुरायची नाही."

शनिवारी फ्रेम आली. वहिनी स्वतःच स्टुलावर चढल्या. हातोडी एका हातात, नजर भिंतीवरच्या खुणेवर. दुसरा हात त्यांनी मागे केला आणि म्हणाल्या, "अहो, खिळा द्या."

मग धाकट्याने पुढे होऊन त्या तळहातावर खिळा ठेवला. वहिनींनी तो ठोकला, फोटो सरळ केला आणि खाली उतरून स्टूल जागच्या जागी ठेवले. त्यांच्या लक्षात आले की नाही, मी सांगू शकत नाही. कुणी विचारले नाही.

पुढे धाकट्याने त्या दिवसाची कथा लिहिली. खिळा मागण्याच्या जागी तो आला तेव्हा मी तयार होऊन बसलो होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझा खरा हक्क होता. त्याने लिहिले, 'वहिनींनी हात मागे केला आणि म्हणाल्या, अहो, खिळा द्या.' आणि पूर्णविराम दिला. मला बोलावले नाही. बोलावले असते तर मी वहिनी आणि दादा या दोघांच्या मध्ये उभा राहिलो असतो, हे मला तेव्हा समजले, आणि या वयात समजले म्हणून आणखी लाज वाटली.

मित्रांनो, मला वाळीत टाका असे मी म्हणत नाही. साखर खाल्लीत की मला जरूर बोलवा, मी धावत येईन. पण लिहिताना पेन माझ्याकडे वळू लागले तर जरा थांबा. ज्याच्याबद्दल लिहिता आहात, तो त्या दिवशी कशासाठी उठला होता, ते आधी कुणाला तरी विचारून या. माणसाने ठरवून केलेले चांगले काम माझ्या नावावर घालू नका. मला ते पचत नाही.